तहकुबी आणि सूट

महसूल खात्याच्या मराठीत दोन शब्द पुष्कळ काळ एकमेकांच्या शेजारी राहत आले आहेत. एक 'सूट' आणि दुसरा 'तहकुबी'. सूट मिळाली की देणे संपते. सरकार त्या रकमेवर पाणी सोडते. तहकुबी मिळाली की देणे जसेच्या तसे राहते, फक्त ते वसूल करण्याचा दिवस पुढे जातो. आज तहकूब हा शब्द सभा आणि खटले यांच्या संदर्भातच बहुधा ऐकू येतो. परंतु शंभर वर्षांपूर्वी मुंबई इलाख्यातील कुणब्याला तो पीकपाण्याइतकाच परिचयाचा होता. २०२० साली करोनाच्या साथीने व्यवहार थांबले आणि जगातील अनेक सरकारांनी प्राप्तिकराच्या मुदती वाढविल्या, तेव्हा त्यांनी हेच जुने साधन नव्या नावाने हाती घेतले. त्याबरोबर जुने प्रश्नही पुन्हा उभे राहिले. संकटात सापडलेल्या करदात्याला सरकारने माफी द्यावी की अवधी? अवधी द्यावयाचा तर त्याचे व्याज घ्यावे काय? आणि हा अवधी मागणे हा प्रजेचा हक्क, की तो देणे ही सरकारची मर्जी?

या प्रश्नांपैकी व्याजाच्या प्रश्नाला महाराष्ट्रात फार पूर्वी एक उत्तर दिले गेले होते. शिवाजी महाराजांनी प्रभावळी मामल्याचा सुभेदार रामाजी अनंत यास १६७६ च्या सप्टेंबरात जे पत्र धाडले, ते कारभाराच्या दृष्टीने आजही वाचण्याजोगे आहे. सुभेदाराने गावोगाव हिंडून कुणबी गोळा करावेत, ज्याच्यापाशी बैल नसतील त्याला बैलांसाठी पैका द्यावा, पोटाला दाणे द्यावेत, आणि पुढे हे दिलेले वसूल करताना त्यावर वाढ न चढविता मुदलच तेवढे, कुणब्याला बळ येईल तसतसे, थोडथोडे करून घ्यावे, असा त्या पत्राचा आशय आहे. याकामी दोन लाख लारीपर्यंत रक्कम गुंतली तरी चालेल, अशीही मुभा त्यात आहे. सरकारच्या तिजोरीला त्या काळी पैशाची चणचण नव्हती असे नाही. तरीही रयतेला दिलेल्या अवधीतून नफा काढू नये, हे तेथे स्पष्टपणे ठरविलेले दिसते.

इंग्रजी अमलात जमाबंदीची घडी बदलली. पुणे जिल्ह्यात प्रिंगल यांनी केलेली पहिली पाहणी कागदावर शास्त्रशुद्ध आणि प्रत्यक्षात रयतेला न पेलणारी ठरली. पुढे १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी नवी पद्धत घातली. दर कमी केले, प्रत्येक शेताचा सारा ठरवून दिला आणि तो तीस वर्षे वाढणार नाही असे अभिवचन दिले. या पद्धतीचे गुण पुष्कळ होते. परंतु तिच्या पोटी एक गृहीत होते: चांगल्या वर्षाची शिल्लक वाईट वर्षाला पुरेल, सरासरी साधेल, आणि म्हणून दरसाल सूट देण्याचे कारण उरणार नाही. हिशेब चोख होता. मात्र ज्याच्या घरी चांगल्या वर्षाची शिल्लक सावकाराच्या घरी जाते, त्या शेतकऱ्याला सरासरी लागू पडत नाही, हे त्यात धरलेले नव्हते.

हप्त्याची तारीख सरकारने ठरविलेली असे. पीक विकून पैसा हाती येण्याआधीच ती पुष्कळदा येऊन ठेपे, आणि मग सावकाराखेरीज दुसरा दरवाजा नसे. म्हणजे रयतेला अवधी मिळेच; तो सरकारने न देता सावकाराने दिलेला असे, आणि त्याचे व्याज काय असावे हेही सावकारच ठरवी. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा उसळला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत रोखे जाळले गेले, त्यामागे कारणे अनेक होती. कापसाची तेजी ओसरली होती, नव्या पाहणीत सारा चढला होता. परंतु साऱ्याचा ताठर हप्ता हे त्यातील एक कारण होते, हे तेव्हाच्या चर्चेतही मान्य झालेले आहे. दंग्यानंतर १८७९ साली डेक्कन शेतकरी कायदा झाला. त्याने सावकाराचा हात काहीसा धरला. सरकारने स्वतःचा हात किती सैल सोडावा, हा प्रश्न पुढच्या दुष्काळांवर पडला.

१८९६-९७ चा दुष्काळ आणि मुंबई-पुण्यातील प्लेग ही दोन संकटे एकदमच आली. दुष्काळाच्या संहितेत सारा-तहकुबीच्या तरतुदी छापलेल्या होत्या, पण त्या शेतकऱ्याला ठाऊक नव्हत्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेने टिळकांच्या नेतृत्वाखाली या तरतुदी मराठीत खेड्यापाड्यांतून समजावून सांगण्याचे काम केले. कायद्यात लिहिलेली सवलत लोकांना सांगणे यात कोणता अपराध होता, हे समजणे कठीण आहे. परंतु १८९७ साली सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. पुढे १९०१ च्या दुष्काळ आयोगाने असे सुचविले की, तहकुबी द्यावयाची ती वेळेवर, वसुलीचा तगादा सुरू होण्यापूर्वीच जाहीर करावी, म्हणजे लोकांना धीर येतो. उशिरा दिलेली तहकुबी अनेकदा अशा माणसाच्या हाती पडते की, ज्याने बैल विकून हप्ता आधीच भरलेला असतो.

या साऱ्या वादाचे पूर्ण रूप १९१८ साली गुजरातमधील खेडा जिल्ह्यात प्रकट झाले. खेड्याचा सत्याग्रह म्हणजे साराबंदीची चळवळ, एवढेच सामान्यतः स्मरणात असते. पण त्या लढ्यातील मागणी किती मर्यादित होती, याकडे सहसा लक्ष जात नाही. सारा माफ करा, असे खेड्याचे शेतकरी म्हणत नव्हते. या सालची वसुली पुढे ढकला, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १९१७ चा पाऊस अतोनात पडून पिके गेली होती, महायुद्धाने भाव भडकले होते आणि त्यात प्लेगचा फेरा होता. नियम असा होता की, पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षीचा सगळा सारा तहकूब व्हावा आणि सहा आण्यांच्या आत असेल तर अर्धा. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. महाराष्ट्रात या आणेवारीची पुढे पैसेवारी झाली; नाणे बदलले, पण अंदाज कोणी करावयाचा हे भांडण मिटले नाही.

खेड्यातही भांडण अंदाजाचेच होते. पीक चार आण्यांहून कमी आहे, असे शेतकरी सांगत. सरकारी आकडे त्याहून वरचे होते. मुंबईच्या विधिमंडळातील विठ्ठलभाई पटेल आणि गोकुळदास पारेख यांनी अर्ज-विनंत्या केल्या. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर, नारायण मल्हार जोशी आणि अमृतलाल ठक्कर यांनी जिल्ह्यात फिरून चौकशी केली. गांधीजींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही गावोगाव जाऊन पिके पाहिली. पंचामार्फत तपास व्हावा ही सूचना सरकारने स्वीकारली नाही. तहकुबी हा रयतेचा हक्क नसून सरकारने कृपावंत होऊन दिलेली सवलत आहे आणि ती केव्हा, कोणाला द्यावी हे ठरविण्याचा अधिकार सरकारचाच, अशी उत्तर विभागाचे कमिशनर प्रॅट यांची भूमिका होती. एका दृष्टीने ती प्रामाणिक होती. युद्ध चालू होते, तिजोरीला पैसा हवा होता, आणि एका जिल्ह्याला दिले की शेजारचा जिल्हा मागणार, ही चिंता कोणत्याही महसूल अधिकाऱ्याला अपरिचित नाही.

२२ मार्च १९१८ रोजी नडियादच्या सभेत प्रतिज्ञा घेतली गेली. तिच्यात एक कलम असे होते की, साऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या हप्त्याची वसुली थांबविली, तर ज्यांना भरणे शक्य आहे ते आपला सारा भरून टाकतील. म्हणजे ऐपतदार शेतकरी स्वतःसाठी लढत नव्हता. शेजारच्या गरिबाला भीतीपोटी गुरे विकावी लागू नयेत, म्हणून तो आपला सारा अडवून बसला होता. तहकुबीचे मर्म याहून अचूकपणे क्वचितच कोणी पकडले असेल. त्यानंतर जप्त्या झाल्या, दुभती जनावरे नेली गेली, चौथाईचा दंड बसला. मोहनलाल पंड्या यांनी जप्त केलेल्या शेतातील कांदा काढून आणला आणि तुरुंगवास पत्करला; लोकांनी त्यांना 'कांदाचोर' ही पदवी मोठ्या प्रेमाने दिली. जूनमध्ये लढा संपला तो असा: ऐपतदारांनी भरावे, गरिबांची वसुली तहकूब राहील. मागणी पदरात पडली, परंतु गांधीजींना त्यात समाधान वाटले नाही. गरीब कोण हे ठरविण्याचा अधिकार लोकांकडे आलाच नाही, आणि सवलतीचा लाभ ज्यांना व्हावा त्यांच्यापर्यंत तो फारसा पोहोचला नाही, हे त्यांनी पुढे आत्मकथेतही नमूद केले.

खेड्याचा लढा मिटतो न मिटतो तोच, त्याच जून महिन्यात मुंबई बंदरात इन्फ्लुएंझा उतरला. शरद ऋतूतील दुसऱ्या लाटेत त्याने देशभर कोटीच्या वर माणसे नेली, आणि त्याच वर्षी पाऊसही रुसला. नवा प्राप्तिकर कायदाही याच १९१८ साली झाला. सारा हा जमिनीवरचा कर, त्याची लाखो कुळे. प्राप्तिकर हा मूठभर व्यापारी, वकील आणि पगारदार यांचा. त्या काळी या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध आहे, असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

प्राप्तिकर हिंदुस्थानात आला तो १८६० साली. सत्तावन्नच्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी तो आणला आणि त्याच साली ते कलकत्त्यात मृत्यू पावले. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनी या कराला उघड विरोध केला आणि त्यापायी पद गमावले. कर १८६५ साली संपला, १८८६ साली कायमचा परतला. सारा आणि प्राप्तिकर यांच्यात तत्त्वाचा एक भेद आहे. सारा जमिनीवर बसतो. पीक आले वा न आले, तो देय होतो, म्हणूनच तहकुबीची गरज पडते. प्राप्तिकर उत्पन्नावर बसतो. उत्पन्न नसेल तर करही नाही. मग प्राप्तिकराला मुदतवाढीचे प्रयोजन काय, अशी शंका कोणालाही येईल. तिचे उत्तर कॅलेंडरात आहे. १९२२ च्या कायद्यापासून कर आकारला जाऊ लागला तो मागील वर्षाच्या उत्पन्नावर. गेल्या साली मिळविलेला पैसा यंदा दुकानात, मालात, उधारीत अडकलेला असतो. बाजार अचानक बंद पडला, तर कर द्यावयाचा असतो भरल्या वर्षाचा आणि गल्ला असतो रिकाम्या वर्षाचा. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, आगाऊ कराची पद्धत सुरू झाली आणि कराचे हप्ते उत्पन्नाच्या वर्षातच पडू लागले. त्यामुळे प्राप्तिकरालाही साऱ्यासारख्या हप्त्यांच्या तारखा आल्या, आणि तारखांबरोबर त्यांची संकटेही.

२४ मार्च २०२० हा दिवस या इतिहासात नोंदविण्यासारखा आहे. त्या दिवशी दुपारी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी करविषयक सवलती जाहीर केल्या आणि रात्री देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली. वर्षअखेरीस अवघा आठवडा उरला होता. २०१८-१९ या वर्षाचे राहून गेलेले विवरणपत्र भरण्याची ३१ मार्चची मुदत ३० जूनपर्यंत वाढली. ३१ मार्चला अध्यादेश निघाला. पुढे सप्टेंबरात त्याचे कायद्यात रूपांतर झाले. १९०१ च्या आयोगाने सांगितलेली पहिली अट, म्हणजे तगाद्याच्या आधी घोषणा, ही येथे पाळली गेली, हे मान्य केले पाहिजे. भरावयास जाण्याची वाटच बंद होण्यापूर्वी सवलत हाती आली होती.

परंतु प्रत्यक्ष कराच्या भरण्याबाबत सरकारने वेगळा मार्ग धरला. आगाऊ कर, उगमस्थानी कापलेला कर आणि तत्सम रकमा यांच्या तारखा हलविल्या नाहीत. या काळात देय झालेली रक्कम ३० जूनपर्यंत उशिरा भरली, तर दंड होणार नाही. व्याज मात्र द्यावे लागेल, फक्त ते एरवीच्या १२ किंवा १८ टक्क्यांऐवजी वार्षिक ९ टक्के, म्हणजे महिन्याला पाऊण टक्का, एवढे राहील. आगाऊ कराचा १५ जूनचा पहिला हप्ता त्याच तारखेला देय राहिला. म्हणजे सरकारने उशिरा भरणाऱ्याला शिक्षा केली नाही, पण अवधीचे भाडे घेतले. जूनच्या अखेरीस एक पाऊल पुढे पडले. विवरणपत्राची तारीख ३० नोव्हेंबरपर्यंत गेली आणि ज्यांचे स्वतः भरावयाचे देणे एक लाख रुपयांच्या आत होते, त्यांना तोपर्यंत ते विलंबाच्या व्याजाशिवाय भरता आले. लहान आणि मोठा यांतील ही रेषा खेड्यात शेतकऱ्यांनीच ओढून दाखविली होती; येथे ती कायद्याच्या आकड्याने ओढली गेली.

इतर देशांनी काय केले, हे ताडून पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत १५ एप्रिलची तारीख १५ जुलैवर गेली आणि त्या तीन महिन्यांचे व्याज घेतले गेले नाही. ब्रिटनमध्ये स्वतंत्र व्यावसायिकांचा ३१ जुलै २०२० चा हप्ता ३१ जानेवारी २०२१ पर्यंत विनाव्याज थांबविण्याची मुभा होती. तेथे दुसरी अडचण उभी राहिली: जानेवारीत जुना हप्ता आणि नवा हप्ता एकदमच अंगावर आले. सप्टेंबरात सरकारला तीस हजार पौंडांपर्यंतची रक्कम बारा महिन्यांत वाटून देण्याची सोय करावी लागली. दोन वर्षांचा सारा एका सुगीत मागितला की काय होते, हे दख्खनचा कोणताही पाटील त्यांना सांगू शकला असता.

भारतात १३ मेला आणखी एक उपाय योजला गेला. पगाराव्यतिरिक्तच्या देण्यांतून कापल्या जाणाऱ्या कराचे दर १४ मेपासून वर्षअखेरपर्यंत एक चतुर्थांशाने उतरविले. यायोगे पन्नास हजार कोटी रुपये लोकांच्या हाती खेळते राहतील, असा सरकारचा अंदाज होता. हीसुद्धा शुद्ध तहकुबीच होती; कराचा दर बदलला नव्हता, केवळ कपात पुढे गेली होती. पगारदार वर्ग मात्र या सगळ्यातून बाहेर राहिला. त्याचा कर दर महिन्याला हातात पैसा पडण्यापूर्वीच कापला जातो, आणि जे आधीच घेतले गेले त्याची तहकुबी संभवत नाही. सर्वांत साधे व परिणामकारक पाऊल कदाचित ८ एप्रिलचे होते. पाच लाख रुपयांपर्यंतचे अडकून पडलेले परतावे ताबडतोब देण्याचे त्या दिवशी ठरले, आणि त्याचा लाभ सुमारे १४ लाख करदात्यांना व्हावयाचा होता. करदात्याचाच पैसा त्याला वेळेवर परत करणे याला सवलत म्हणावे काय, असे कोणी विचारील. पण टाळेबंदीत घरी बसलेल्या लहान दुकानदाराला व्याख्येपेक्षा पैशाची निकड अधिक होती.

व्याजाचा प्रश्न करापेक्षा कर्जाच्या बाबतीत अधिक पेटला. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला कर्जाचे हप्ते तीन महिने थांबविण्याची मुभा दिली आणि नंतर ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढविली. थांबलेल्या हप्त्यांवर व्याज चढत राहिले आणि व्याजावरही व्याज. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरील चक्रवाढीचा भार सरकारने उचलला. २३ मार्च २०२१ च्या निकालाने त्या काळातील चक्रवाढ व्याज सर्वांसाठीच रद्द झाले, परंतु मूळ व्याज माफ करण्यास न्यायालयाने नकार दिला. प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलेल्या पत्रातील मुदलापुरती वसुली आणि सावकाराच्या रोख्यातील दामदुप्पट, या दोहोंच्या मध्ये कोठेतरी हा निर्णय बसतो.

सरकारच्या बाजूचा विचार केल्यावाचून हे चित्र पुरे होत नाही. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत राष्ट्रीय उत्पादन जवळजवळ चोवीस टक्क्यांनी घसरल्याचा पहिला अंदाज प्रसिद्ध झाला. धान्य, औषधे, रुग्णालये यांचा खर्च वाढत होता आणि वित्तीय तूट वर्षअखेर नऊ टक्क्यांच्या वर गेली. प्रत्यक्ष करांचे निव्वळ उत्पन्न आदल्या वर्षीच्या साडेदहा लाख कोटींच्या आसपासवरून सुमारे ९.४५ लाख कोटींवर आले. ज्याच्याकडून कर येणे होते तो अडचणीत होता, हे खरे; ज्याच्याकडून कधीच प्राप्तिकर येत नाही, तो पायी गावाकडे निघालेला मजूर अधिक अडचणीत होता, हेही खरे. पहिल्याला दिलेला प्रत्येक दिवस दुसऱ्याला द्यावयाच्या पैशातून वजा होतो, असे महसूल खाते म्हणू लागले तर त्याला केवळ निष्ठुरपणा म्हणता येणार नाही.

आणि तसे ते म्हणालेही. विवरणपत्राची तारीख ३० नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबरवर आणि तेथून १० जानेवारी २०२१ वर गेली. हिशेबतपासणी लागणाऱ्यांसाठी ती १५ फेब्रुवारी झाली. करसल्लागारांच्या संघटनांना आणखी अवधी हवा होता. त्यांच्या निवेदनावर निर्णय घ्यावा, असे गुजरात उच्च न्यायालयाने सांगितले. खेडा जिल्हा याच न्यायालयाच्या कक्षेत येतो. ११ जानेवारीच्या आदेशाने प्रत्यक्ष कर मंडळाने मागणी नाकारली. मुदत वारंवार वाढविण्याने शिस्त बिघडते, ज्यांनी कष्ट घेऊन वेळेत भरले त्यांच्यावर अन्याय होतो, आणि वसुली लांबल्याने साथीच्या काळात गरिबांना मदत करण्याच्या सरकारच्या प्रयत्नांत अडथळा येतो, अशी कारणे त्यात दिली होती. प्रॅट साहेबांनी यांतील पहिले कारण आनंदाने उचलून धरले असते. तिसरे त्यांना सुचले नसते. तोपर्यंत १० जानेवारी उलटून गेली होती आणि सुमारे ५ कोटी ९५ लाख विवरणपत्रे दाखल झाली होती.